आवर्ती अवक्षेपण आणि कालगणनेचा भास

१. प्रश्नाचा उगम

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांनी हिंगोली जिल्ह्यातील माती व दगड यांची बोलीभाषेतील नावे संकलित करण्याचे काम हाती घेतले होते. त्यांपैकी एकाने कयाधू नदीच्या कोरड्या पात्रातून एक गारगोटी आणली. ती फुटलेली होती, आणि तिच्या फुटलेल्या अंगावर करड्या, पांढऱ्या व तांबूस रंगांच्या रेषा एकीत एक अशा बसलेल्या दिसत होत्या. जाणकार ज्याला अकीक म्हणतात त्या जातीचा तो दगड होता. विद्यार्थ्याने भिंगाखाली त्या रेषा मोजल्या होत्या. त्या ४३ भरल्या. नोंदवहीत दगडाच्या नावापुढे त्याने 'वय अंदाजे ४३ वर्षे' असे लिहून ठेवले होते. "असे का लिहिलेस?" असे विचारता तो म्हणाला, "सर, झाडाच्या बुंध्यावरची वलये मोजून त्याचे वय काढतात ना? मग दगडाला तोच न्याय का लावू नये?"

त्याचे अनुमान चुकीचे आहे हे सांगण्यास एक वाक्य पुरले. ज्या दख्खनी बेसाल्टाच्या पोकळ्यांत असे दगड तयार होतात, तो बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेला आहे. पोकळी भरणे, खडक झिजून तिच्यातील दगड सुटणे आणि नदीने तो वाहून गुळगुळीत करणे, हा सारा व्यवहार ४३ वर्षांत आटोपण्यासारखा नव्हे. परंतु अनुमान चुकीचे का आहे, हे सांगण्यास मात्र एक तास अपुरा पडला. विद्यार्थ्याची विचारसरणी वस्तुतः निर्बुद्धपणाची नव्हती. सारख्या दिसणाऱ्या दोन आकृतींना सारखेच कारण असावे अशी ती धारणा होती. आणि ही धारणा नदीकाठच्या नवशिक्यापासून प्रयोगशाळेतील तज्ज्ञापर्यंत सर्वांना अधूनमधून फसवीत आलेली आहे. ज्या रासायनिक घटनेने ती सर्वांत स्वच्छपणे उघडी पडते, तिचा परिचय करून देणे आणि तिच्यावरून आपल्या अभ्यासपद्धतीविषयी काय शिकता येते ते पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. मूळ प्रयोग

राफाएल एडुआर्ड लीझेगांग (१८६९-१९४७) हा जर्मन रसायनज्ञ छायाचित्रणाच्या साहित्याचा व्यवसाय करणाऱ्या घराण्यातला. जिलेटिन आणि चांदीचे क्षार ही त्या व्यवसायातील नित्याची द्रव्ये. १८९६ साली त्याने काचेच्या तावदानावर पोटॅशियम डायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनाचा पातळ थर दिला आणि त्याच्या मध्यभागी सिल्व्हर नायट्रेटच्या तीव्र विद्रावाचा एक थेंब ठेवला. दोन्ही द्रव्ये एकत्र आली की सिल्व्हर डायक्रोमेट हा न विरघळणारा, विटकरी रंगाचा पदार्थ तयार होतो. तेव्हा थेंबाभोवती विटकरी डाग पडावा, तो हळूहळू पसरावा आणि कडेला फिका होत जावा, अशी अपेक्षा कोणीही केली असती. प्रत्यक्षात काही तासांनी थेंबाभोवती एकाबाहेर एक अशी वलये उमटलेली दिसली. प्रत्येक दोन वलयांमधील जागा जवळजवळ स्वच्छ होती.

हाच प्रयोग परीक्षानळीतही करता येतो. मॅग्नेशियम क्लोराइड घातलेले जिलेटिन नळीत घट्ट होऊ द्यावे व वर अमोनियाचा विद्राव ओतावा. काही दिवसांत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या पांढऱ्या चकत्या एकीखाली एक तयार होतात. तावदानावर जी वलये असतात तीच नळीत चकत्यांचे रूप घेतात.

येथे जिलेटिनाचे कार्य काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढताना सत्त्व भांड्याच्या तळाशी बसते व वर निवळ पाणी राहते. साध्या पाण्यात तयार झालेला अवक्षेपही असाच तळाशी जातो, आणि प्रवाहांमुळे जागच्या जागी राहत नाही. खळीसारख्या घट्ट माध्यमात मात्र प्रवाह उत्पन्न होत नाहीत व जड कणही खाली बसत नाहीत. द्रव्याचे रेणू तेवढे संथपणे एका जागेकडून दुसऱ्या जागेकडे सरकू शकतात. या सरकण्यास विसरण म्हणतात. अशा माध्यमाला रसायनशास्त्रात जेल अशी संज्ञा आहे. जेल वलये निर्माण करीत नाही. जेथे अवक्षेप जन्मला तेथेच तो राहील एवढीच व्यवस्था ते करते.

लीझेगांगच्या पूर्वीही अशा आकृती दिसल्या होत्या. फ्रीडलीब रुंगे याने टिपकागदावर निरनिराळ्या क्षारांचे थेंब टाकून उमटलेल्या रंगीत वलयाकृतींचा एक ग्रंथ १८५५ साली प्रसिद्ध केला. ग्रंथाच्या जर्मन नावाचा अर्थ 'द्रव्यांची आकारप्रेरणा' असा होतो. आकृती पाहताच जड द्रव्याच्या ठिकाणी प्रेरणा मानावीशी वाटली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

३. वलये का पडतात?

पहिले सुसंगत उत्तर विल्हेल्म ओस्टवाल्ड याने १८९७ मध्ये दिले. पाण्यात जितका पदार्थ विरघळू शकतो, त्याहून काहीसा अधिक पदार्थ काही काळ विरघळलेल्या स्थितीत राहू शकतो. या स्थितीस अतिसंतृप्तता म्हणतात. पाक गरजेपेक्षा जास्त आटला तरी तो लगेच दाणेदार होत नाही, एखादा कण पडला की मात्र एकदम साखर धरतो; तसाच हा प्रकार. थेंबातील चांदीचे आयन जेलमध्ये पुढे सरकतात व तेथील डायक्रोमेटशी संयोग पावतात. तयार झालेला पदार्थ प्रथम विरघळलेलाच राहतो. त्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले म्हणजे तो एकाएकी घनरूप होतो, आणि एकदा घनकण तयार झाले की आसपासचा विरघळलेला पदार्थ व डायक्रोमेट त्यांच्याकडे ओढले जातात. परिणामी वलयाच्या पुढची जागा डायक्रोमेटविना रिती होते. चांदीचे आयन तेथून पुढे जातात, परंतु मर्यादा पुन्हा ओलांडली जाण्यास त्यांना काही अंतर काटावे लागते. ते काटले की दुसरे वलय पडते.

ओस्टवाल्डच्या या उपपत्तीवर पुढे पुष्कळ चर्चा झाली आणि तीत भारतीय संशोधकांचा वाटा लहान नव्हता. १९२० नंतरच्या दशकात अलाहाबाद येथील नीलरत्न धर व ए. सी. चटर्जी यांनी असे प्रतिपादन केले की, तयार झालेला पदार्थ प्रथम विरघळलेला नसून अतिसूक्ष्म कणांच्या म्हणजे कलिलाच्या रूपात जेलमध्ये असतो, आणि या कणांचे साकळणे हेच वलयाचे कारण होय. १९३८-३९ च्या सुमारास बंगळूर येथे चंद्रशेखर वेंकट रामन व के. सुब्बरामय्या यांनी या वलयांची मांडणी लहरींच्या आकृत्यांशी जुळते असे दाखवून, अवक्षेपणालाच लहरींसारखे स्वरूप आहे असा विचार मांडला. पुढील काळात ही लहरींची कल्पना टिकली नाही. परंतु प्रकाशाच्या लहरींचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या शास्त्रज्ञाला येथेही लहरी दिसाव्यात, हे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

आज ओस्टवाल्डच्या मूळ कल्पनेत दोन प्रकारची भर पडलेली आहे. एक अशी की, लहान कण विरघळून मोठ्या कणांत भर पडते, आणि या स्पर्धेमुळे मुळात सर्वत्र सारखा असलेला अवक्षेपही पट्ट्यापट्ट्यांत विभागला जाऊ शकतो. दुसरी अशी की, विक्रियेची आघाडी पुढे सरकत असता तिच्यामागे तयार होणारा पदार्थ दाट व विरळ अशा दोन अवस्थांत आपोआप विभागतो. या कल्पनेवर आधारलेले गणिती प्रतिमान आंताल, द्रोझ, माग्नँ व रात्स यांनी १९९९ मध्ये मांडले. तपशिलात भेद असले तरी एका मुद्द्यावर या सर्व उपपत्तींचे एकमत आहे. थेंब एकदाच टाकला जातो, त्यानंतर बाहेरून काहीही थांबूनथांबून घडत नाही, आणि तरीही आकृती मात्र खंडित व आवर्ती होते. आवर्तनाचे कारण पदार्थाच्या वर्तनातच असते. घड्याळ कोठेही नसते.

४. अंतरांचा नियम

या वलयांचे वर्तन तीन नियमांनी सांगता येते. मोर्स व पिअर्स यांनी १९०३ मध्ये दाखविले की, वलयाचे थेंबापासूनचे अंतर ते उमटण्यास लागलेल्या काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. यास काळाचा नियम म्हणतात. याब्लचिन्स्की याने १९२३ मध्ये दाखविले की, कोणतेही वलय व त्याच्या आतील वलय यांच्या अंतरांचे गुणोत्तर जवळजवळ स्थिर असते. हा अंतरांचा नियम होय. तिसऱ्या नियमाप्रमाणे बाहेरची वलये आतल्या वलयांपेक्षा रुंद होत जातात. गुणोत्तर किती असावे हे द्रव्यांच्या तीव्रतेवर अवलंबून असते. हा संबंध माटालोन व पाक्टर यांनी १९५५ मध्ये स्पष्ट केला.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गुणोत्तर १.१ आहे व पहिले वलय थेंबापासून १० मिलिमीटरवर १०० मिनिटांनी पडले, असे मानू. मग पुढील वलये अनुक्रमे ११, १२.१, १३.३ व १४.६ मिलिमीटरवर पडतील. काळाच्या नियमाप्रमाणे ती १२१, १४६, १७७ व २१४ व्या मिनिटास उमटतील. म्हणजे दोन वलयांमधील काळ प्रथम २१ मिनिटे, नंतर सुमारे २५, ३१ व ३७ मिनिटे होईल. प्रत्येक वलय मागच्यापेक्षा अधिक वेळ घेते. याच तावदानावरील पाच वलये पाहून एखाद्याने 'पाच सारखे कालखंड गेले' असे म्हटले, तर तो चुकेल. आणि दुसऱ्या तावदानावर द्रव्यांची तीव्रता बदलून गुणोत्तर १.२ झाले, तर त्याच अंतरात वलये कमी पडतील, मात्र काळ तितकाच गेलेला असेल.

तात्पर्य, वलयांवरून क्रम कळतो. आतले आधी, बाहेरचे नंतर, एवढे निश्चित सांगता येते. परंतु क्रम कळणे वेगळे आणि काळ मोजता येणे वेगळे.

५. पाऊस, वर्ष आणि वलय

झाडाच्या वलयांची गोष्ट निराळी आहे, आणि ती निराळी का आहे हे आपल्या भाषेतच नोंदलेले आहे. संस्कृतात 'वर्ष' या शब्दाचा एक अर्थ पाऊस व दुसरा अर्थ संवत्सर. मराठीत आपण पहिल्या अर्थासाठी 'वर्षा' व दुसऱ्यासाठी 'वर्ष' योजतो. तथापि वडीलधारी माणसे वयाचा अधिकार सांगताना आजही 'चार पावसाळे जास्त पाहिलेत' असेच म्हणतात. जेथे वर्षाचा सर्व पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो, तेथे पाऊस हेच वर्षाचे माप होणे स्वाभाविक होते.

सागाचे झाड याच मापाने वाढते. पावसाळ्याच्या आरंभी वाढीस जोर येताच त्याच्या लाकडात मोठ्या वाहिन्यांची एक रांग तयार होते. पुढे वाढ मंदावते व कोरड्या ऋतूत ती थांबते. पुढच्या पावसाळ्यात नवी रांग. म्हणून सागाचे वलय हे खरोखरीचे वर्षवलय, दोन्ही अर्थांनी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून गतकाळातील पर्जन्यमानाचा अभ्यास झालेला आहे. परंतु तेथेही केवळ मोजणीवर भागत नाही. पावसात मोठा खंड पडला तर एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो, आणि अवर्षणाच्या वर्षी वलय उमटतच नाही असेही घडते. यासाठी अनेक झाडांची वलये एकमेकांशी ताडून पाहतात, आणि सर्वांत जुळणारा अरुंद-रुंद वलयांचा क्रम सापडला म्हणजेच वर्ष निश्चित करतात. आपल्याकडील पुष्कळ वृक्षांत तर वार्षिक वलये स्पष्ट उमटतच नाहीत.

इंग्रजीत पाऊस व रासायनिक अवक्षेपण या दोहोंसाठी 'प्रेसिपिटेशन' हा एकच शब्द आहे. दोहोंच्या मुळाशी 'वरून खाली पडणे' ही कल्पना आहे, आणि मराठी पारिभाषिक 'अवक्षेप' हा शब्दही 'अव' व 'क्षिप्' यांपासून त्याच अर्थाने बनविला आहे. तेव्हा झाडाची वलये एका 'प्रेसिपिटेशन'ने व जेलमधील वलये दुसऱ्याने होतात, असे इंग्रजीत कोटी करून म्हणता येईल. पहिल्याला ऋतुचक्र आहे. दुसऱ्याला नाही. शब्द एक असला तरी कारणे दोन आहेत. आणि आकृती एकसारखी असली तरीही तेच.

६. 'नियतकालिक' की 'आवर्ती'?

येथे परिभाषेचा एक प्रश्न उपस्थित होतो, आणि तो केवळ शब्दांचा प्रश्न नाही. या घटनेस मराठीत काय म्हणावे? 'नियतकालिक अवक्षेपण' असे म्हणण्याचा मोह सहज होतो, कारण 'नियतकालिक' हा शब्द आपल्या अंगवळणी पडलेला आहे. मात्र या शब्दाच्या पोटात काल आहे. मासिक महिन्याने निघते, त्रैमासिक तीन महिन्यांनी. ठरलेल्या काळाने निघते म्हणून ते नियतकालिक. जेलमधील वलये ठरलेल्या काळाने पडत नाहीत, हे वरील उदाहरणात आपण पाहिले. म्हणजे ज्या गैरसमजाचे निराकरण करावयाचे तोच गैरसमज या संज्ञेतून विद्यार्थ्याच्या मनात शिरेल.

'समांतर' किंवा 'नियतांतर' हेही चालणार नाहीत, कारण अंतरे सारखी नसून वाढत जातात. 'आवर्ती' हा शब्द त्या मानाने निर्दोष आहे. आवर्त म्हणजे फिरून येणे. ते काळात असो, अवकाशात असो वा अन्य एखाद्या क्रमात असो. मूलद्रव्यांच्या कोष्टकास आपण 'आवर्त सारणी' म्हणतो, तेथे गुणधर्म फिरून येतात ते काळात नव्हे, अणुक्रमांकाच्या क्रमात. या पूर्वपरंपरेस धरून 'आवर्ती अवक्षेपण' ही संज्ञा प्रस्तुत लेखात योजली आहे. पारिभाषिक शब्द घडविताना मूळ भाषेतील शब्दाचा अर्थ पाहणे पुरेसे नसते. नव्या शब्दाने वाचकाच्या मनात कोणते अनुमान आपोआप जागे होईल, तेही पाहावे लागते.

७. दगडातील वलये

आता कयाधूच्या गारगोटीकडे वळू. लीझेगांगने स्वतः आपल्या प्रयोगाचा संबंध भूविज्ञानाशी जोडला. १९१३ मध्ये भूवैज्ञानिक विसरणावर व १९१५ मध्ये अकीकांवर त्याने ग्रंथ लिहिले. त्याचे म्हणणे असे की, बेसाल्टातील पोकळी प्रथम सिलिकेच्या जेलने भरली, नंतर तीत लोहाचे क्षार बाहेरून शिरत गेले, आणि तावदानावरील वलयांप्रमाणेच रंगीत पट्टे पडले. या उपपत्तीचे आकर्षण मोठे होते, कारण एका काचेच्या तुकड्यावर घडणारी गोष्ट साऱ्या डोंगरातील दगडांचे कोडे उलगडून देत होती.

पुढील संशोधनाने चित्र गुंतागुंतीचे केले. अकीकाच्या पट्ट्यांतील सूक्ष्म तंतू पोकळीच्या भिंतीपासून आतल्या दिशेने वाढलेले दिसतात, यावरून भिंतीवर थरामागून थर चढले असावेत असे पुष्कळांचे मत झाले. काही अकीकांत तळाशी आडवे, समांतर पट्टे असतात. ते गुरुत्वाकर्षणाने कण खाली बसल्यामुळेच होणे शक्य आहे, विसरणाने नव्हे. उलट १९९० मध्ये वांग व मेरिनो यांनी सिलिकेच्या स्फटिकीभवनातच पट्टे उत्पन्न करणारी स्वयंव्यवस्था असू शकते असे दाखविले. म्हणजे हिंगोलीच्या नदीपात्रातील दगडावर एकाच वेळी दोनतीन कारणांनी रेषा उमटलेल्या असणे शक्य आहे. यांपैकी कोणत्याही उपपत्तीत एक रेषा म्हणजे एक वर्ष असे मात्र होत नाही.

याच प्रदेशात रस्त्यासाठी टेकडी कापलेली असली की आणखी एक दृश्य दिसते. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि मुरमात अडकलेले गोल काळे धोंडे. धोंड्यांभोवती कांद्यासारखे पापुद्रे. बेसाल्टाच्या भेगांतून पाणी शिरते, कोपरे दोन वा तीन बाजूंनी झिजतात, आणि चौकोनी ठोकळा हळूहळू गोल होतो. पापुद्रे सुटणे हे मुख्यतः या झिजेचे व आकारमानातील बदलाचे फळ होय. परंतु झिजलेल्या दगडात गंजासारख्या तांबड्या-पिवळ्या रंगाच्या ज्या वलयरेषा कधीकधी दिसतात, त्यांचे स्पष्टीकरण भूवैज्ञानिक लीझेगांगच्या यंत्रणेनेच करतात. लोह पाण्याबरोबर आत सरकत जाते आणि ठिकठिकाणी साकळते. एकाच धोंड्यावर पापुद्रे एका कारणाने व रंगाची वलये दुसऱ्या कारणाने, अशी ही स्थिती आहे.

८. ऊतकातील वलये

येथवरची चूक फार तर एका नोंदवहीपुरती होती. हीच चूक विकृतिवैज्ञानिकाच्या सूक्ष्मदर्शकाखाली झाली, तर रुग्णाच्या रोगनिदानात प्रवेश करते.

मूत्रपिंडातील रक्तमिश्रित द्रवाच्या गाठी, स्तनातील द्रवयुक्त गाठी व दीर्घकाळ सुजलेली वा मृत झालेली ऊतके यांत कधीकधी गोल, पदर असलेले सूक्ष्म पिंड सापडतात. त्यांची बाहेरची कड दुहेरी असते, तिच्यावर चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक रेघा असतात, आणि मध्यभागी आकारहीन गाभा असतो. पाहणाऱ्यास हे कवच, ही भिंत व हा गर्भ असे वाटणे अगदी साहजिक आहे. अमेरिकेतील विकृतिवैज्ञानिकांच्या एका गटाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा विषयच असा होता की, ऊतकातील लीझेगांग वलये व मूत्रपिंडातील महाकृमी यांतील भेद कसा ओळखावा. हा कृमी कुत्रा, मिंक अशा मासे खाणाऱ्या प्राण्यांत आढळतो. मनुष्यात तो क्वचितच होतो. आणि तरीही निव्वळ रासायनिक वलये ही त्या कृमीची अंडी व अळ्या म्हणून वाचली गेली होती.

भेद ओळखण्याची कसोटी शिकण्यासारखी आहे. एका जातीच्या कृमीची अंडी आकाराने जवळजवळ सारखी असतात. ऊतकातील वलये मात्र काही मायक्रोमीटरपासून शेकडो मायक्रोमीटरपर्यंत कोणत्याही आकाराची असतात. अंड्यात वाढणाऱ्या जीवाचे अवयव असतात. वलयाच्या गाभ्यात कोणतीही रचना नसते. म्हणजे निर्णय करावयाचा तो आकृतीच्या सौष्ठवावरून नव्हे, तर आकृतीला जीव मानल्यास आणखी ज्या गोष्टी असावयास हव्यात त्या आहेत की नाहीत, यावरून.

उलट दिशेची चूकही झालेली आहे. फ्रान्समधील नांत येथील स्तेफान लेद्यूक याने विसाव्या शतकाच्या आरंभी क्षार व जेल यांच्या साहाय्याने पेशी, कवके व शिंपले यांच्यासारख्या आकृती तयार केल्या आणि त्यांवरून जीवाच्या उत्पत्तीचे रहस्य हाती आल्याचे प्रतिपादिले. विकृतिवैज्ञानिकाने रसायनात जीव पाहिला, लेद्यूकने जीवात केवळ रसायन पाहिले. दोघांचेही प्रमाण एकच होते, ते म्हणजे साम्य. जिवंत शरीरातील आकृती रासायनिक विक्रिया व विसरण यांनी बनू शकतात, हे ॲलन ट्यूरिंग याने १९५२ मध्ये गणिताने दाखविले. परंतु त्याची यंत्रणा वेगळी आहे, तीत अवक्षेप पडण्याची गरज नाही, आणि तिची सत्यता प्रत्येक प्राण्याच्या बाबतीत स्वतंत्र प्रयोगाने सिद्ध करावी लागते.

९. आपल्या शास्त्राचा अनुभव

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने रसायनज्ञ व वैद्य यांच्या चुका दाखवून थांबणे योग्य होणार नाही. आपल्या शास्त्रानेही वलये मोजलेली आहेत. मॉरिस स्वॉडेश याने १९५० नंतरच्या दशकात असे गृहीत धरले की, कोणत्याही भाषेतील मूलभूत शब्द सारख्याच गतीने लोप पावतात. शंभर शब्दांच्या यादीपैकी दर हजार वर्षांनी सुमारे ८६ टक्के शब्द टिकतात. मग दोन भाषांतील समान शब्द मोजले की त्या केव्हा विभक्त झाल्या ते सांगता येईल. १९६२ मध्ये बेर्ग्सलांड व फोग्ट या नॉर्वेजियन विद्वानांनी ज्यांचा इतिहास लिखित पुराव्याने ज्ञात आहे अशा भाषा घेऊन ही पद्धत तपासली. आइसलँडिक भाषेने जुने शब्द फारच मोठ्या प्रमाणात टिकविले होते, तर तिच्याच कुळातील नॉर्वेजियनमध्ये बदल कितीतरी अधिक झाला होता. दोहोंना काळ सारखाच मिळाला होता. शब्दांचा लोप खरा होता, क्रमही खरा होता. त्याला घड्याळ समजणे तेवढे चूक होते.

आपल्या न्यायशास्त्राने या दोषाचे स्वरूप फार पूर्वी सांगून ठेवले आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष, कारण जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती अबाधित आहे. अग्नीवरून धुराचे अनुमान मात्र सदोष, कारण अग्नी असूनही धूर नसतो. धुरासाठी ओल्या इंधनाचा संयोग लागतो. ही न सांगितलेली अट म्हणजे उपाधी. 'जेथे वलय तेथे वर्ष' हे अनुमान असेच सोपाधिक आहे. तेथील ओले इंधन म्हणजे ऋतुचक्राशी बांधलेली वाढ. सागात ही उपाधी आहे, म्हणून अनुमान चालते. जेलमध्ये, गारगोटीत व मूत्रपिंडाच्या गाठीत ती नाही, म्हणून ते चालत नाही. स्वॉडेशच्या पद्धतीतील उपाधी म्हणजे बदलाची सर्वत्र सारखी गती, आणि तीच असिद्ध होती.

१०. उपसंहार

संशोधकाला आवर्ती आकृती वारंवार भेटतात. शिलालेखांच्या लेखनशैलीत, बोलींच्या सीमारेषांत, छंदांत, लोकसंख्येच्या आकड्यांत त्या दिसतात, आणि त्या दिसताच त्यांच्यामागे एखादे चक्र, एखादा हेतू किंवा एखादे पंचांग असावे असे वाटू लागते. आवर्ती अवक्षेपणाचा धडा असा की, एकदाच घडलेल्या व सलगपणे चालू राहिलेल्या कारणापासूनही खंडित, नियमबद्ध आकृती उत्पन्न होऊ शकते. म्हणून आकृतीवरून कारणाकडे जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ही आकृती आणखी कोणत्या मार्गाने होऊ शकते? आपण मानलेले कारण खरे असेल तर तिच्याशिवाय आणखी काय दिसावयास हवे? आणि ते स्वतंत्रपणे तपासता येते काय? वृक्षवलयांचा अभ्यासक अनेक झाडे ताडून पाहतो, विकृतिवैज्ञानिक अंड्यातील अवयव शोधतो, भाषावैज्ञानिक लिखित इतिहासाशी पडताळा घेतो. तिघांची पद्धत एकच आहे.

विद्यार्थ्याने आपली नोंद दुरुस्त केली आहे. आता तेथे असे लिहिले आहे: 'गारगोटी, अकीक जातीची. कयाधूचे पात्र. पट्टे ४३. वय पट्ट्यांवरून ठरत नाही.' मोजणी त्याने खोडली नाही, हे बरे केले. रेषा ४३ आहेत हे निरीक्षण खरेच होते, आणि या रेषा कशा पडल्या हे पुढे कोणी शोधू लागला तर त्याला त्याचा उपयोग होईल.